हरताळ

“मॅडम, हरताळ म्हणजे संप ना? मग तो फासतात कसा?”

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. पान सोडायची घाई. आमच्याकडे नवीनच लागलेला मुलगा प्रूफ घेऊन टेबलाशी उभा. बातमी नेहमीचीच, कुठल्याशा नगरपालिकेने नियमांना हरताळ फासल्याची. आजूबाजूचे हसले. मीही हसले. “अरे बाबा, हरताळ फासला म्हणजे नियम धाब्यावर बसवले. सोड ते पान,” म्हणाले आणि मान खाली घातली. त्याने बोट जिभेला लावून गठ्ठ्यातलं पुढचं पान काढलं आणि तो गेला. पान वेळेत सुटलं. घरी जाताना रिक्षात मात्र माझं ते हसणं मलाच टोचायला लागलं. पोराचा प्रश्न चोख होता. संप काही फासता येत नाही. पाळतात तो हरताळ वेगळा, दुकानांना टाळी ठोकण्यातून आलेला. फासतात तो वेगळा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरणाऱ्या मला हे ठाऊक होतं, आणि तेही शब्दकोशात वाचून नाही. मी हरताळ डोळ्यांनी पाहिलाय. एकदा आजोळच्या माळ्यावर आणि एकदा थेट डब्लिनला, काचेखाली.

माळ्यावरचा आधी सांगते. आजोळी चातुर्मासात वाचायची एक हस्तलिखित पोथी होती. दोन फळ्यांच्या मध्ये सुटी पानं, वरून लाल खारव्याचं फडकं, त्याला दोरी. दोरी सोडली की कापूर, वेखंड आणि जुना कागद असा मिळून एक वास यायचा. कागद गारगोटीने घोटून इतका गुळगुळीत केलेला की बोट ठेवलं तर घसरायचं. अक्षर काळंभोर, दंड आणि अध्यायांचे शेवट हिंगुळाने लाल. आणि मध्येच कुठेकुठे पिवळा पट्टा. कधी एका अक्षरावर, कधी अर्ध्या ओळीवर. मला वाटायचं, वाचता वाचता कोणीतरी भाजीचा हात लावलाय, हळदीचा. सात-आठ वर्षांची असेन. एका दुपारी मी बोटाला थुंकी लावून तो डाग पुसायला गेले, तर आजीने हातावर असा फटका मारला की पान हातातून सुटलं. “विष आहे ते, मेले! तोंडात जाईल.” मग आजोबांनी समजावलं. त्यांच्या आजोबांनी ही पोथी नकलली. लिहिताना चुकलं की कागद खरवडायचा नाही, भोक पडतं. हरताळाची पूड डिंकाच्या पाण्यात कालवायची, चुकीवर फासायची, वाळली की त्यावर बरोबर लिहायचं. विषारी म्हणून कसरही त्या जागेला तोंड लावत नाही. चुकलेली जागाच सगळ्यात सुरक्षित, असं म्हणून आजोबा हसले होते.

पुढे ते सगळं विसरले. वाक्प्रचार रोज हाताखालून जात राहिला, पिवळा रंग मागे पडला.

लेकीच्या बाळंतपणाला मी डब्लिनला गेले ते बॅगेत बाळघुटीची पुरचुंडी घेऊन. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, जायफळ, हळकुंड, सगळं. डॉक्टरांनी काही द्यायचं नाही असं सांगितलंय म्हणून लेक ते उघडू देईना. जावई मध्ये पडेनात. मी फुरंगटून बसले. माझा मूड जावा म्हणून तिने मला एका शनिवारी सुलेखनाच्या कार्यशाळेला पाठवलं. जुन्या पोथ्या कशा लिहीत, तसं एक दिवस लिहून बघायचं. “तुला अक्षरांचं आवडतं ना,” म्हणाली. खरं तर तिला घरात एक दिवस शांतता हवी होती, हे मला कळत होतं.

तिथल्या बाईंनी आधी एक वाटी फिरवली. वाटीत बोराएवढ्या, तपकिरी, टणक, खडबडीत गोळ्या. “ही कशाची बी असेल?” असं त्यांनी विचारलं. मी एक उचलली आणि मला हसूच आलं. मायफळ. लेकीने ज्याला घरात हात लावू दिला नव्हता तेच मायफळ इथे टेबलावर मानाने बसलेलं. ती बी नसतेच मुळी. एक चिमुकली माशी ओकच्या कोवळ्या डहाळीत अंडं घालते आणि झाड त्या अंड्याभोवती गाठ धरतं. आत अळी वाढते, तिची माशी होते, ती भोक पाडून उडून जाते, गाठ उरते. ती कुटायची, पाण्यात उकळायची, त्यात हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, टाकायचा आणि डिंक. युरोपातल्या बहुतेक पोथ्यांची शाई ही अशी. बाईंनी आमच्यासमोर हिराकस टाकला आणि पिवळट पाणी बघता बघता काळंनिळं झालं. ही शाई लिहिताना फिकी दिसते, हवा लागली की काळी पडते आणि कातड्यात चावून बसते. आजोबांच्या पोथीची शाई काजळीची. ती कागदावर नुसती बसते, आत शिरत नाही. तेव्हा मला याचं महत्त्व वाटलं नव्हतं, पण चूक कशी दुरुस्त करायची हे शेवटी शाई आणि खालचं पान ठरवतं. चावणारी शाई आणि चिवट कातडं असेल तर खरवडता येतं. घोटीव कागद असेल तर झाकावं लागतं.

कातडं म्हटलं की मला जरा थांबावं लागतं. प्रत्येकाला तळहाताएवढा तुकडा दिला होता, वासराच्या कातड्याचा. ते चुन्याच्या पाण्यात कित्येक दिवस भिजवतात, केस काढतात, मग लाकडी चौकटीत दोऱ्यांनी ताणतात. दोरी कातड्यातून सुटू नये म्हणून कडेला एकेक गोटा गुंडाळून त्याला दोरी बांधायची, म्हणजे कडेकडेने छोट्या पोटल्या दिसतात. ताणलेलं असतानाच चंद्रकोरीसारख्या सुरीने तासत जायचं. गाय जिवंत असताना गोमाशी चावलेली असेल किंवा सुरी जरा जास्त लागली असेल, तर ताणाने त्या जागी बारीक भोक मोठं गोल होतं. लिहिणारे ते भोक तसंच ठेवून शब्द त्याच्या या बाजूने त्या बाजूला नेत, ओढ्यात दगड आला की पाणी जातं तसा. माझ्या तुकड्याची एक बाजू पांढरी, मऊ होती. दुसरी जराशी पिवळट आणि प्रकाशात तिरकी धरली की बारीक ठिपके दिसायचे. केसांची मुळं. मी अंगठा फिरवला आणि पटकन काढून घेतला. सोवळ्यात पोथी सोडणारी माझी आजी हे बघून काय म्हणाली असती? आणि तरी सांगते, त्या पानासारखं लिहायला दुसरं काही नाही. पीस त्यावर किंचित अडतं, किंचित सरकतं, कागदावर येत नाही अशी एक पकड येते. मला ते आवडलं. आवडलं याचं वाईटही वाटलं.

लिहायला हंसाचं पीस. मी नातीचं नाव लिहायचं ठरवलं. आपल्या बोरूची काट उलट्या तिरकशीची असते, त्यामुळे इंग्रजीसाठी कापलेल्या त्या पिसाने अक्षर आपलं पण जाड-बारीक सगळं भलतीकडे, असं काहीतरी उमटलं. तेवढ्यावर भागलं नाही. ‘मीरा’ लिहायचं ते मी ‘मिरा’ लिहिलं. आयुष्यभर ऱ्हस्व-दीर्घावरून लोकांची डोकी खाल्ली आणि स्वतःच्या नातीची वेलांटी चुकले! बाईंनी शांतपणे माझ्या डाव्या हातात सुरी दिली. मध्ययुगातल्या लेखनिकांची चित्रं पाहिलीत तर उजव्या हातात पीस आणि डाव्या हातात सुरी असं हमखास दिसतं. ती तिथे शोभेला नसते. उसळणारं कातडं तिच्या टोकाने दाबून धरायचं, पिसाची जीभ बोथटली की तिनेच तासायची आणि चुकलं की तिनेच खरवडायचं. मी खरवडलं. शाईचा पापुद्रा भुशासारखा निघाला. खाली पांढरं निघालं पण लव सुटलेली. दगडाने घासून बसवली, वर दीर्घ वेलांटी काढली, आणि ती तेवढ्याच जागी किंचित फुटली. कोणालाही कळलं नसतं. मला अजून कळतं, तो तुकडा आमच्या फ्रिजवर आहे.

दुपारी सोन्याचा वर्ख. बर्फीवर लावतात तितकाच पातळ, श्वास लागला तरी गोळा होणारा. खाली आधी प्लास्टर, सफेदा, साखर आणि माशाचा सरस यांची लुकण फुगीर भरून वाळवतात. मग एका नळीतून त्यावर हळूच तोंडाची वाफ सोडायची. त्या ओलाव्याने लुकण चिकट होते, लगेच वर्ख ठेवायचा, दाबायचा आणि अकीकाच्या दगडाने घोटायचा. पूर्वी यासाठी कुत्र्याचा दातही वापरत. हवेत दमटपणा लागतो. डब्लिनला त्याची ददात नव्हती. पुण्यात मे महिन्यात कोणी हे करायला बसला तर वाफ पोचायच्या आत वाळेल. चकाकायला लागलं तेव्हा सगळ्यांच्या तोंडून एकदमच ‘अहाहा’ निघालं. माझ्याही निघालं, पण मनापासून सांगायचं तर मला ते लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखं दिसलं.

शेवटी बाईंनी एक बंद बरणी काढली. “हिला फक्त बघायचं. आम्ही वर्गात उघडत नाही.” आत लिंबासारखे पिवळे, पापुद्र्यापापुद्र्याचे खडे, हलवले की अभ्रकासारखे चमकायचे. नाव ऑर्पिमेंट, लॅटिनमधलं ‘ऑरिपिग्मेंटम’, म्हणजे सोन्याचा रंग. सोमल आणि गंधक. विषारी. मी त्या खड्यांकडे बघत राहिले आणि उजव्या हाताच्या मनगटावर एकदम आजीचा फटका जाणवला.

“हरताळ!” मी मोठ्याने म्हटलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आता आदल्या आठवड्यातलं सांगते. लेक-जावई मला ट्रिनिटी कॉलेजात ‘बुक ऑफ केल्स’ बघायला घेऊन गेले होते. साधारण इसवी सन ८०० चं, लॅटिनमधली चार शुभवर्तमानं, म्हणजे बायबलातली मत्तय, लूक वगैरेंनी सांगितलेली येशूची चरित्रं, ३४० पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. दीडशेच्या वर वासरांची कातडी लागली असावीत. अंधारी खोली, काचेची पेटी, मागून रेटणारी रांग. आणि त्या दिवशी उघडलेलं पान मजकुराचं, पोस्टरवरचं नव्हे. मी सोनं बघायच्या तयारीने गेले होते आणि सोनं नव्हतंच. त्या ग्रंथात सोन्याचा कणही वापरलेला नाही. तिथल्या फलकावर रंगांची नावं होती, त्यात हे ऑर्पिमेंटही होतं, पण नाव वाचून माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. जिथे सोनं दिसावं तिथे तिथे त्यांनी ते पिवळं भरलंय. जावयाने विचारलं, कसं वाटलं? “छान आहे,” म्हणाले. पाय दुखत होते.

बरणी बघितल्यावर मी एकटीच पुन्हा गेले, तिकीट काढून. आणि आता प्रत्येक रंगाला मी आपल्या नावाने हाक मारायला लागले. अक्षरांच्या कडेने बारीक ठिपक्यांची नक्षी आहे तो शेंदूर. आपल्या मारुतीचाच, शिशापासून केलेला. लॅटिनमध्ये त्याला मिनियम म्हणतात आणि ‘मिनिएचर’ हा शब्द त्यावरून आला. लहानपणाशी त्याचा मुळात संबंध नाही. निळा रंग अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्द दगडाचा असावा असं लोक बरीच वर्षं समजत होते. किरण टाकून तपासलं तेव्हा कळलं की तो पाल्यापासून केलेला आहे, म्हणजे निळीच्या जातीतला. शेंदूर, नीळ, हरताळ. हे तर आजीच्या वाण्याकडे मिळालं असतं. आणि हरताळ! त्या पानावर एका अक्षराच्या पोटात तो भरला होता. बाराशे वर्षं उलटून गेली, तरी खोलीतल्या अर्ध्या उजेडात धगधगत होता. आमच्याकडे जो चूक लपवायला आणला, तो इथे मोठेपणा मिरवायला आणलेला. मला हसायला आलं आणि थोडं भरूनही आलं. माझ्या मागच्या बाईला मी मोठी भाविक वाटले असेन.

मग चुका झाल्या तर यांनी काय केलं? माझी धंद्याची खोड जाईना. आणि चुका आहेत. चिक्कार आहेत. मत्तयाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की मी शांती आणायला नाही, तलवार आणायला आलोय. तलवार म्हणजे ‘ग्लाडियुम’. लिहिणाऱ्याने लिहिलंय ‘गाउदियुम’, म्हणजे आनंद. एवढी अर्थाची उलथापालथ, आणि कोणी सुरी लावली नाही. लूकच्या भागात तर एक अख्खं पान चुकून दुबार लिहिलं गेलंय. आमच्याकडे असं पान सुटलं तर दुसऱ्या दिवशी खुलासा छापावा लागतो आणि कोणाची तरी रजा होते. त्यांनी काय करावं? ते पान फाडलं नाही, खरवडलंही नाही. समासात लाल फुल्या काढल्या, त्याही नक्षीदार! एक वासरू म्हणजे मोजकी पानं, तेव्हा फाडणं परवडण्यासारखं नव्हतंच. पण मला वाटतं, एवढं सुंदर लिहून झाल्यावर ते पुसायला त्यांचा हात धजला नसेल. माझाही धजला नसता. आजोबांच्या पोथीच्या शेवटी लेखनिकाचा नेहमीचा श्लोक होता, ‘यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया । यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते ॥’ जसं दिसलं तसं लिहिलं, चुकलं असेल तर मला बोल लावू नका. मुद्रितशोधकाच्या पगारपत्रकावर छापून घ्यावा असा श्लोक आहे. तिकडचे लेखनिकही कुरकुरत, लिहितात तीन बोटं आणि राबतं सगळं अंग असं शेवटी लिहून ठेवत.

आणि एक गोष्ट मला तिथल्या बाकावर बसून कळली. १००७ साली हा ग्रंथ केल्स नावाच्या आयरिश गावातल्या चर्चमधून चोरीला गेला. दोन महिने आणि वीस रात्रींनी तो सापडला, मातीखाली पुरलेला, वरून गवताचं ढेकूळ ठेवलेलं. चोरांना वरचं सोन्याचं आवरण हवं होतं, ते त्यांनी काढून नेलं. ग्रंथ फेकला. सोनं गेलं ते गेलंच, हरताळ राहिला. पुढे एकोणिसाव्या शतकात बांधणी करणाऱ्याने पानांच्या कडा छाटून चित्रांचे काठ उडवले, ते मात्र मला चोरांपेक्षा जास्त लागलं. बांधणीवाले सगळीकडचे सारखेच.

या रंगांचा माणसाच्या तोंडाशी काय संबंध असतो कोण जाणे. चेन्निनो चेन्निनी नावाच्या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास हरताळाबद्दल लिहून ठेवलंय की हा घोटायला सगळ्यात चिवट, सोबत थोडी काच कुटून घाला, आणि तोंडाला लागू देऊ नका. आजीचंच वाक्य. जर्मनीत डालहाइमला एक जुना मठ होता, तिथल्या दफनभूमीतल्या एका बाईच्या दातांवरची कीट शास्त्रज्ञांनी तपासली. त्यांचा निष्कर्ष २०१९ साली छापून आला. बाई अकराव्या-बाराव्या शतकातली, पंचेचाळीस ते साठच्या मधली. कीटणात निळे कण निघाले, लाजवर्दाचे, म्हणजे अफगाणिस्तानातल्या खाणीतले. हा रंग सोन्याच्या तोलाचा, कसलेल्या हातातच देत. ती बहुधा चित्रं रंगवायची आणि कुंचल्याला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायची. तिचं नाव कुठे नाही, तिने रंगवलेलं पानही कोणाला दाखवता येत नाही. उरली ती एवढी एक सवय. हे वाचलं तेव्हा मी प्रूफांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते आणि बोट जिभेवर होतं. माझ्या दातांत काय निघेल? छपाईची शाई आणि चहा.

रिक्षातून उतरले त्या रात्री मी कपाटातून पोथी काढली. मामाच्या मागे ती माझ्याकडे आली. खारवा विटलाय, वेखंडाचा वास मात्र तसाच. पिवळे पट्टे असलेलं एक पान निवडलं, दोन पुठ्ठ्यांत घातलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर नेलं. पहिली आवृत्ती गेल्यावर जरा उसंत असते, तेव्हा त्याला बोलावलं. “काल तू विचारलंस ना, हरताळ फासतात कसा. हा बघ, असा.” तो वाकून बघायला लागला. बराच वेळ काही बोलला नाही. मग मागच्या बाजूला काय आहे ते बघायला त्याने सवयीने बोट जिभेकडे नेलं.

मी फटकन हातावर मारलं. चांगलाच लागला असावा. “विष आहे ते, मेल्या,” तोंडातून निघून गेलं, आणि टेबलावरचे सगळे पुन्हा हसले.

त्याने हात पँटला पुसला. मग दोन्ही बाजूंनी कडा धरून पान अलगद उचललं आणि ट्यूबलाइटसमोर धरलं. उजेड मागून आला तसं पिवळ्या पट्ट्याखालचं काळं दिसायला लागलं. इतक्या वर्षांत मला हे कधी सुचलं नव्हतं. तो अक्षर अक्षर लावत होता, ओठ हलत होते. वरच्या ओळीकडे बघितलं, पुन्हा पट्ट्याकडे.

“मॅडम,” तो म्हणाला, “काही नाही हो. ओळ रिपीट झालीये.”